अपंग कुत्र्याला घरात घ्यावे का?



मढच्या बंदरावर, मासळी सुकवण्याच्या खळ्यांवर आणि मार्वे रस्त्याच्या कडेला कुत्री आपल्या जन्माच्या आधीपासून आहेत. त्यांच्याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. वलांडीवर बोंबील सुकत असले की ती खाली झोपलेली असतात. होडी लागली की धक्क्यावर येऊन उभी राहतात. टाकून दिलेली मासळी खातात आणि रात्री अनोळखी माणसावर भुंकून त्या मासळीची किंमत आपल्या परीने चुकती करतात. प्रश्न उभा राहतो तो त्यांच्यातले एखादे मासळीच्या टेम्पोखाली, किंवा शनिवार-रविवारी बंगल्यांवर येणाऱ्या भरधाव गाडीखाली सापडते आणि मरत नाही, तेव्हा. मागचे दोन पाय लुळे पडतात. पुढच्या पायांवर अंग ओढत ते गटाराच्या कडेला जाऊन बसते. मग कोणी पाणी ठेवते, कोणी मुलांना तिकडे जाऊ नका म्हणून बजावते, आणि कोणाच्या तरी मनात येते की याला घरी न्यावे.

या शेवटच्या माणसासाठी आम्ही हे लिहीत आहोत. त्याच्या मनात आलेला विचार चांगला की भाबडा, यावर आपल्या गावात एकमत होणे कठीण आहे. देवाच्या मुक्या जीवाची सेवा म्हणजे देवाचीच सेवा, असे काहींना वाटते. इतरांना वाटते, आणि ते तोंडावर बोलूनही दाखवतात, की शेजारच्या घरात म्हातारी माणसे औषधावाचून पडलेली असताना कुत्र्याला चाकांची गाडी करून देणे हे निव्वळ चोचले आहेत. या दुसऱ्या लोकांना निर्दय म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांचे म्हणणे ख्रिस्तसभेच्या शिकवणीला धरून आहे, आणि ते आधी नीट ऐकले पाहिजे.

कॅटेकिझम, म्हणजे १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा श्रद्धाशिक्षणाचा ग्रंथ, प्राण्यांबद्दल थोडक्यात बोलतो, पण जे बोलतो ते दोन्ही बाजूंना टोचणारे आहे. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, नुसत्या आपल्या असण्यानेच ती देवाचे गौरव करते, आणि माणसाने त्यांच्याशी दयेने वागणे हे त्यांचे आपल्यावरचे देणे आहे, असे तो सांगतो. प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही सांगतो. पण लगेच पुढे म्हणतो की माणसांचे दुःख हलके करण्यासाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा तो प्राण्यांवर उधळणे हेही शोभत नाही. प्राण्यांवर प्रेम करावे, मात्र जी माया फक्त माणसाच्या वाट्याची आहे ती त्यांच्याकडे वळवू नये. इथे ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ग्रंथाने क्रम लावून दिला आहे. क्रमाने दुसरा आलेला काहीच मिळू नये, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

पवित्र शास्त्रातही कुत्र्याला फारसा मान नाही, हे मान्य करूया. बहुतेक ठिकाणी तो शब्द शिवी म्हणूनच येतो. संत पौल फिलिप्पैकरांना लिहिताना तो तसाच वापरतो. पण तोबितच्या ग्रंथात, जो आपल्या कॅथोलिक बायबलमध्ये आहे, तरुण तोबियास रफाएल देवदूताबरोबर लांबच्या प्रवासाला निघतो तेव्हा घरचा कुत्रा त्यांच्या मागे निघतो, आणि शेवटी घरी परतताना पुन्हा दिसतो. कथेत त्याला काही काम नाही. तो कोणाला वाचवत नाही, वाट दाखवत नाही. लिहिणाऱ्याने त्याला गाळले असते तरी काही बिघडले नसते, तरीही तो आहे. लूकच्या शुभवर्तमानात दारात पडलेल्या लाजरसाचे फोड कुत्री चाटतात. हा लाजरसाच्या विटंबनेचा कळस, की श्रीमंताने जे केले नाही ते मुक्या जनावरांनी केले, याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावला जातो. आम्हाला त्यात पडायचे नाही.

आम्हाला जास्त विचार करायला लावते ती नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेली गोष्ट. एका गरिबाची एकच मेंढी होती. ती त्याच्या ताटातले खायची, त्याच्या कुशीत झोपायची, त्याला मुलीसारखी होती. श्रीमंत शेजाऱ्याने आपल्या कळपाला हात न लावता तीच पाहुण्यासाठी कापली. ऐकून दावीद संतापला. मग नाथानाने त्याला सांगितले की तो श्रीमंत तूच आहेस. खरा गुन्हा उरियाचा, म्हणजे एका माणसाचा, खून हा होता. पण माणसाच्या खुनाने जे मन हलले नव्हते ते एका मेंढीच्या गोष्टीने हलले. नाथान काही प्राण्यांवर प्रवचन देत नव्हता. त्याला फक्त ठाऊक होते की दयेचे दार माणसात कधी कधी खालच्या बाजूने उघडते.

संत थॉमस अक्वायनस यांचेही काहीसे असेच मत होते. विचारशक्ती नसलेल्या प्राण्यांशी माणसाची खरी मैत्री होऊ शकत नाही, असे ते स्पष्ट म्हणतात. तरी जुन्या करारातल्या प्राण्यांविषयीच्या नियमांचा अर्थ लावताना ते सांगतात की जो मुक्या जनावराची कीव करायला शिकतो त्याचे मन माणसाची कीव करायलाही लवकर तयार होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हीच गोष्ट उलट बाजूने मांडली: माणसाचे हृदय एकच असते, आणि जी क्षुद्रता जनावराला छळते ती माणसांशी वागतानाही दिसल्यावाचून राहत नाही.

आता आपल्या जवळचे. एरंगळच्या किनाऱ्यावरचे १५७५ सालचे चर्च आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथल्या सणाला आपण पिढ्यान्‌पिढ्या जातो. सामिष जेवण, नातेवाईक, वाळूतली गर्दी, सगळे ठाऊक असते. पण ज्या संत बोनाव्हेंचरांचे ते चर्च आहे ते कोण, असे विचारले तर आपल्यातले निम्मे गप्प बसतील. हे बोनाव्हेंचर संत फ्रान्सिस असिसीकरांच्या संघाचे प्रमुख होते, आणि संत फ्रान्सिस यांचे अधिकृत चरित्र त्यांनीच लिहिले. (ते आणि संत थॉमस एकाच काळात पॅरिसला शिकवत होते, आणि दोघेही १२७४ साली वारले.) फ्रान्सिस लहानातल्या लहान जीवालाही भाऊ, बहीण म्हणत, कारण आपण आणि तो जीव एकाच मूळापासून आलो आहोत हे त्यांना ठाऊक होते, असे बोनाव्हेंचर लिहितात. म्हणजे आपण ज्या संताच्या सणाला वर्षानुवर्षे जातो, त्याच्याच लेखणीतून ही शिकवण आपल्यापर्यंत आली आहे.

फक्त त्या चरित्राचा क्रमही लक्षात ठेवला पाहिजे. पाखरांना प्रवचन देणारे फ्रान्सिस आपल्याला चित्रांतून ठाऊक आहेत. पण पाखरांच्या आधी कुष्ठरोगी येतात. स्वतः फ्रान्सिस यांनी मृत्यूपूर्वी लिहून ठेवलेल्या मजकुराची सुरुवातच कुष्ठरोग्यांपासून होते. ज्यांना पाहणेही त्यांना नकोसे व्हायचे, त्यांच्यात देवाने आपल्याला नेले, असे ते सांगतात. ज्याने आधी कुष्ठरोग्याची जखम धुतली, त्याने नंतर कोकराला उचलून घेतले तर त्याला चोचले म्हणायची कोणाची छाती होईल? आणि ज्याच्या घरात आजारी सासू दिवसभर हाक मारत पडून आहे, त्याने लंगडे कुत्रे आणले तर लोक बोलणारच. त्यांचे बोलणे कडू असेल, खोटे नसेल.

इथे एका शब्दाविषयीही लिहिले पाहिजे. हल्ली कुत्रा ‘दत्तक घेतला’ असे सर्रास म्हणतात. आम्हीही कदाचित बोलताना म्हणू. पण ज्या जोडप्याने वर्षानुवर्षे मुलाची वाट पाहिली, किंवा ज्यांच्या घरी दिव्यांग मूल आहे, त्यांच्या कानाला हा शब्द कसा लागत असेल? ५ जानेवारी २०२२ रोजी पोप फ्रान्सिस संत योसेफाविषयी, म्हणजे येशूच्या पालक पित्याविषयी बोलत होते. अनेक जोडपी मुले नको म्हणतात किंवा एकावर थांबतात, पण दोन कुत्री आणि दोन मांजरे पाळतात, हा एक प्रकारचा स्वार्थ आहे, असे ते म्हणाले. जगभरातल्या प्राणिप्रेमींना ते झोंबले. त्याच भाषणात त्यांनी मुले दत्तक घेण्याविषयी कळकळीने सांगितले होते, ते मात्र फार थोड्यांनी छापले. आपल्या देशातही विशेष गरजा असलेल्या अनाथ मुलांना घर मिळायला फार वेळ लागतो, आणि त्यांतली कित्येक शेवटी परदेशात जातात. म्हणून आम्ही या लेखात कुत्र्याला ‘घरात घेणे’ इतकेच म्हणत आहोत. साधा शब्द आहे, आणि त्यात कोणाच्या मुलाची जागा कुत्र्याला मिळत नाही.

एवढे सगळे पटूनही तो माणूस म्हणेल: माझ्या घरात कोणी आजारी नाही, गरिबांसाठी जमेल ते देतो, आता याला आणू का? त्याला आमचे सांगणे असे की काय करावे लागते ते आधी नीट समजून घ्या. ‘अपंग कुत्रा’ ही एक गोष्ट नाही. तीन पायांचा कुत्रा काही आठवड्यांत पळायला लागतो, त्याची कीव करणाऱ्यालाच तो दमवतो. आंधळ्या कुत्र्याला घरातल्या वस्तू जागच्या जागी राहिल्या की पुरे. नाक आणि कान बाकीचे काम करतात. बहिऱ्याला हाताच्या खुणा शिकवता येतात, फक्त झोपेत असताना अचानक हात लावायचा नाही आणि रस्त्यावर मोकळा सोडायचा नाही. डिस्टेंपरमधून वाचलेल्याचे अंग कधी कधी जन्मभर उडत राहते, बघायला वाईट वाटते, पण त्यातले बरेच कुत्रे खाऊनपिऊन मजेत जगतात. या सगळ्यांसाठी फार मोठे मन लागत नाही. थोडी शिस्त लागते.

मणका दुखावलेल्या कुत्र्याची गोष्ट वेगळी आहे. मागचे अंग लुळे पडते तेव्हा पुष्कळदा लघवीवरचा ताबाही जातो. मूत्राशय भरते, पण आपोआप रिकामे होत नाही. दिवसातून तीन-चार वेळा कोणीतरी पोटावर दोन्ही बाजूंनी हात ठेवून, दाबून, ते रिकामे करावे लागते. डॉक्टर हे शिकवतात, आणि शिकल्याशिवाय करू नये. चुकला एखादा दिवस, तर लघवीत जंतू होतात, ताप चढतो, मूत्रपिंडापर्यंत जाते. दिवसाला चार वेळा म्हणजे वर्षाला १,४६० वेळा. कुत्रा दोन वर्षांचा असेल आणि नीट सांभाळला तर पुढे दहा वर्षेही जगू शकतो. गुणाकार ज्याचा त्याने करावा.

त्याखेरीज अंगाखालच्या जखमा. ज्यांनी अंथरुणाला खिळलेल्या आजीला सांभाळले आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही: एकाच कुशीवर पडून हाडांच्या टोकांवर कातडी लाल होते, मग फुटते. आजीला दर थोड्या तासांनी कूस बदलून देतात तसेच याला द्यावे लागते. लघवीने ओले झालेले अंग धुऊन कोरडे करावे लागते. फरशीवर घासत चालल्याने पायांची साले जातात, म्हणून मऊ, सुके अंथरूण. पावसाळ्यात लक्ष दिले नाही तर उघड्या जखमेत अळ्या पडतात. चाकांची गाडी मापाने करून मिळते, प्लॅस्टिकच्या पाइपांची घरीही करतात, आणि तिच्यात उभा राहून पहिल्यांदा धावणारा कुत्रा बघणे हा खरोखर आनंद आहे. पण गाडीत त्याला निजता येत नाही. तिच्यात थोडा वेळच ठेवायचा असतो. ती बांधून कामाला निघून जाता येत नाही.

सुरक्षेच्या दोन गोष्टी, ज्या दयेच्या भरात विसरल्या जातात. रस्त्यावरचा एखादा कुत्रा अपघात झालेला कोणी पाहिला नसताना लुळा पडला असेल, जबडा लोंबत असेल, लाळ गळत असेल, तर त्याला हात लावू नये. रेबीजचा एक प्रकार भुंकत-चावत येत नाही, असाच मुकाट, लुळेपणाने येतो. एकदा लक्षणे दिसू लागली की माणसाला किंवा कुत्र्याला त्यावर इलाज नाही. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लशीसाठी जावे. दुसरे, लेप्टो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या रोगाने मुंबईत काय केले ते आपण विसरलेलो नाही. तो जनावरांच्या लघवीतून पसरतो, आणि इथे तर रोज लघवीतच हात घालायचे आहेत. म्हणून हातमोजे, कुत्र्याला वेळच्या वेळी लशी, आणि पायाला चीर असेल त्याने ती लादी धुवायची नाही.

यातले काहीच अशक्य नाही. शहरात परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे, आणि २०२४ साली टाटा ट्रस्टने महालक्ष्मीला लहान प्राण्यांसाठी मोठे रुग्णालय सुरू केले. मढहून कुत्रा मांडीवर घेऊन तिथे पोहोचायचे म्हणजे दिवस जातो, हे खरे. पण पूर्वीची परिस्थिती पाहिली तर आज पुष्कळ सोय आहे. १९९४ पर्यंत मुंबई महापालिका भटकी कुत्री पकडून मारत असे. दुसरीकडे, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला उपाशी-तहानेला सोडून देण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड लिहिलेला आहे. आजच्या काळात त्यात धक्क्यावर चहासुद्धा जेमतेम मिळेल. ज्यांनी हौसेने आखूड पायांचे डॅशहुंड विकत घेतले, आणि त्या जातीत नेहमी होतो तसा पाठीच्या मणक्याचा आजार झाल्यावर त्यांना रस्त्यावर सोडले, त्यांना कायद्याचे भय वाटण्याचे कारण नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही लेखणी उचलली तिच्याकडे येतो. दया येणारा आणि दिवसाला चार वेळा ते पोट दाबणारा, हे दोघे एकच आहेत का?

आपल्या कोळीवाड्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या शाकारलेल्या, पुरुष घरी, हाताला काम कमी. नेमक्या याच दिवसांत रस्ते ओले असतात, अपघात होतात, आणि नेमक्या याच दिवसांत घरी बसलेल्या माणसाला गटाराकडेचा कुत्रा दिसतो. तो त्याला उचलून आणतो, दोन महिने मनापासून करतो, अगदी हातमोजे घालून करतो. मग नारळी पौर्णिमा होते. होडी पाण्यात जाते, माणूस दिवस-दिवस समुद्रावर. कुत्रा घरीच आहे, आणि त्याचे मूत्राशय काही बंदी पाळत नाही. आता कोण? पहाटे उठून मासळी घेऊन मालाडच्या बाजारात बसणारी त्याची बायको. किंवा नवी सून, जिला कोणी विचारलेच नव्हते. किंवा सातवीतली मुलगी, जिला कुत्रा आवडतो म्हणून ते काम आपोआप तिच्या गळ्यात पडले. घरात ‘किती दयाळू माणूस’ म्हणून नाव होते एकाचे, आणि हात वास मारतात दुसऱ्याचे.

आम्हाला वाटते, ‘कुत्रा की माणूस’ हा वाद ज्या ठिकाणी खरा होतो ते ठिकाण हे आहे. माणसांच्या वाट्याचे कुत्र्याने खाल्ले, असे लोक म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर गरिबांसाठी ठेवलेली पेटी असते. पण दुखण्यातल्या कुत्र्याला पैशापेक्षा जास्त लागतात ते हात आणि वेळ, आणि ते घरातल्याच एका माणसाच्या आयुष्यातून कापले जातात. त्या माणसाने स्वतः होऊन दिले तर ती दया. त्याच्याकडून न विचारता घेतले, तर दावीदाच्या गोष्टीतला श्रीमंत आठवतो: पाहुणचार त्याचा, मेंढी शेजाऱ्याची. चांगल्या शोमरोनीने जखमी माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवले, खाणावळीत नेले, आणि दुसऱ्या दिवशी निघताना खाणावळवाल्याच्या हातावर दोन नाणी ठेवली. जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असेही सांगितले. खाणावळवाल्यावर त्याने फुकटचे पुण्य लादले नाही. ही दोन नाणी आपण प्रवचनात घाईघाईने ओलांडून जातो.

कुत्र्याला यातले काही कळत नाही, आणि तेच त्याचे आपल्याला उपयोगी पडणे आहे. अपंग माणूस आपल्याला ओझे समजतात की काय, या विचाराने खंगतो. आपल्या घरातली कित्येक म्हातारी माणसे पाणीसुद्धा मागत नाहीत. लुळा कुत्रा मागचे अंग ओढत दारात येतो आणि शेपटी हलत नसली तरी कान मागे पाडून खूश होतो. त्याला लाज माहीत नाही. ज्या घरात मुलांनी हे रोज पाहिले, त्या घरातल्या मुलांना आजोबांची गादी बदलताना किळस कमी वाटते, असा आमचा समज आहे. सिद्ध करता येणार नाही, पण संत थॉमस यांचे म्हणणे याहून फार वेगळे नव्हते.

एक अवघड गोष्ट उरते. कधी कधी मणका इतका चेंदलेला असतो, वेदना इतक्या असतात की डॉक्टर दयामरणाचा सल्ला देतात. अशा वेळी काही भाविक घाबरून म्हणतात, ख्रिस्तसभेला हे चालत नाही. ख्रिस्तसभेची ती शिकवण माणसाच्या जीवाविषयी आहे, आणि तिथे ती ठाम आहे. माणसाचे दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडलेले असते, त्याच्यापुढे अनंतकाळ असतो. कुत्र्याच्या यातनांतून त्याला असे काही मिळत नाही. त्या फक्त यातना असतात. विनाकारण वेदना होऊ देऊ नयेत, हा नियम त्याला लागू आहे. बरे होण्याची आशा नसताना, आपल्याला निरोप देणे जड जाते म्हणून त्याला ओरडत ठेवणे ही दया त्याच्यावरची नव्हे, आपल्यावरची आहे. पण उलटही खरे: नुसते पाय गेले म्हणून सुई टोचून मोकळे होणे, हेही पुष्कळदा कुत्र्याच्या वेदनेसाठी नसते, आपल्या सोयीसाठी असते. पाय नसलेला कुत्रा दुःखी असतोच असे नाही. या दोहोंतला फरक डॉक्टरांना विचारावा, आणि उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारावा.

मग घरात घ्यावे की नाही? ज्याच्या घरात सगळ्यांनी, सुनेने आणि मुलीनेसुद्धा, मोकळेपणाने हो म्हटले आहे, आणि माणसांकडे पाठ फिरवून जो कुत्र्याकडे वळलेला नाही, त्याने जरूर घ्यावे. लोक बोलतील, बोलू द्यावे. ज्याला एकट्याला जमणार नाही त्याने एकट्याने घेऊ नये. आपल्या वाडीत तीन घरांनी मिळून हे करणे मुळीच अवघड नाही. घरे भिंतीला भिंत लागून आहेत. कुत्रा एका घरी राहील, औषधाचा खर्च दुसरे घर उचलेल, दुपारची पाळी तिसऱ्याची. जे यातले काहीच करू शकत नाहीत ते निदान गल्लीतल्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि रेबीजची लस व्हावी म्हणून पालिकेकडे पाठपुरावा करू शकतात, आणि धक्क्यावरून टेम्पो मागे घेण्याआधी चाकाखाली वाकून बघू शकतात. पंचायतीत कोणी बोलले तर तेवढ्यावर टेम्पोवाल्यांशीही बोलता येईल.

ज्या घरांनी मिळून करायचे ठरवले त्यांना एकच सुचवतो. कुत्रा अजून डॉक्टरांकडे असतानाच, स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर पुढच्या महिन्याच्या प्रत्येक चौकोनात चार नावे लिहावीत: सकाळी कोण, दुपारी कोण, संध्याकाळी कोण, रात्री झोपण्याआधी कोण. होडीवर जाणाऱ्याचे नाव तो समुद्रावर असेल त्या दिवशी लिहू नये. बघा किती चौकोन भरतात, आणि एकाच बाईचे नाव किती वेळा येते. चौकोन रिकामे राहिले, तर ते डॉक्टरांना तेव्हाच सांगून टाकावे. त्यांना असे ऐकण्याची सवय असते, आणि दुसरे घर शोधायला त्यांना चार दिवस जास्त मिळतात.